पात्र, अपात्र आणि मन

शेतकरी आत्महत्येची फाइल अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरच्या तहसील कार्यालयातून जिल्ह्याला जाते तेव्हा तिच्यात काय काय लागतं, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही तलाठ्याला पाठ असतं. सातबारा आणि आठ-अ, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सोसायटीचा किंवा बँकेचा कर्जाचा दाखला, वसुलीचा तगादा झाला होता का याबद्दलचे जबाब, त्या हंगामातल्या पिकाची परिस्थिती. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती हे सगळं पाहते आणि शेवटी एक शब्द पडतो: पात्र किंवा अपात्र. नापिकी, कर्ज आणि तगादा सिद्ध झाला तर पात्र. दारू, घरचं भांडण, जुना आजार, डोक्यावर परिणाम असं काही निघालं, किंवा जमीन आणि कर्ज कागदावर जुळलं नाही, तर अपात्र. पात्र घराला जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार एक लाख रुपये मिळतात. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. अपात्र घराला काही नाही.

माणूस खचतो तो स्वतःच्या मनामुळे की त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेमुळे, यावर युरोपातल्या विचारवंतांनी शे-सव्वाशे वर्षं वाद घातला. आपल्याकडे तो वाद एका बैठकीत, एका रकान्यात मिटवला जातो. मन सापडलं की व्यवस्था सुटते आणि व्यवस्था सापडली तर मनाबद्दल कुणी विचारत नाही. मानसशास्त्र आणि समाजाची चिकित्सा करणारे सिद्धान्त यांच्या नात्यावर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, ते बहुधा फ्रॉम-ॲडोर्नो यांच्या फ्रँकफुर्ट संप्रदायापासून सुरू होऊन फ्रँकफुर्टलाच संपतं. हा आढावा खारपाण पट्ट्यातून, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या मुलखातून घेतला आहे, कारण या प्रश्नाची सगळ्यात महागडी परीक्षा इथं चालू आहे.

ती किती महागडी, ते पाहू. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत अमरावती महसूल विभागाच्या पाच जिल्ह्यांत ५५७ शेतकरी आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या १७० एकट्या अमरावती जिल्ह्यातल्या होत्या, यवतमाळपेक्षाही जास्त. आकडे जाहीर झाले तेव्हा मदत मिळालेली प्रकरणं ५३ होती आणि चौकशीत अडकलेली २८४. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीशी संबंधित ११,२९० आत्महत्या आहेत. त्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातल्या. देशाच्या त्या आकड्यात जमीन कसणाऱ्यांपेक्षा शेतमजूर जास्त आहेत, ६,०८३. शेतमजुराच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून त्याचं मरण पात्र-अपात्रच्या फाइलपर्यंत पोचतच नाही.

वादाचं मूळ एमिल द्युरखेमच्या १८९७ च्या ग्रंथात आहे. आत्महत्या हे माणसाचं सगळ्यात खाजगी कृत्य, पण त्याचं प्रमाण प्रत्येक समाजात वर्षानुवर्षं जवळपास ठरलेलं असतं आणि समाज हलला की ते हलतं, असं त्यानं दाखवलं. याच्या वीस वर्षांनी, १९१७ साली, फ्रॉइडचा शोक आणि विषाद यांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. विषादात माणूस ज्याच्यावर रागावलेला असतो त्याला सोडून स्वतःलाच बोल लावू लागतो, हा त्याचा मुद्दा. दोघांचे प्रश्न मुळातच वेगळे आहेत. इतकी माणसं याच मुलखात आणि याच काळात का, हा द्युरखेमचा प्रश्न. बांधाला बांध लागून असलेल्या दोन वावरांत तोच पाऊस, तीच बोंडअळी आणि तोच भाव असताना एकजण जातो आणि दुसरा राहतो, असं का, हा फ्रॉइडच्या वाटेनं जाणाऱ्याचा प्रश्न. आपल्याकडचा निम्मा गोंधळ एका प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर दिल्यानं झाला आहे. शेजारी जगला, मग व्यवस्थेला दोष कसा देता, असं विचारणारे अधिकारी भेटतात. भाव मिळाला असता तर मनाचा प्रश्नच नव्हता, असं म्हणणारे कार्यकर्तेही भेटतात.

दोन्ही प्रश्न एकाच अभ्यासात घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न श्रीजित मिश्रा यांनी केला. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतर्फे जानेवारी २००६ मध्ये त्यांनी राज्य सरकारला अहवाल दिला. महाराष्ट्रातल्या पुरुष शेतकऱ्यांच्या आत्महत्येचा दर १९९५ ते २००४ या काळात तिपटीच्या घरात गेल्याचं त्यात दिसतं. त्याहून महत्त्वाची आहे ती त्यांची पद्धत. वर्धा, वाशीम आणि यवतमाळमधली आत्महत्या झालेली १११ घरं त्यांनी पाहिली आणि तुलनेला आत्महत्या न झालेली शंभरावर घरंही पाहिली. गेलेल्यांपैकी शेकडा ८६ जणांवर कर्ज होतं. पण त्याच यादीत घसरलेली ऐपत, घरातला वाद, मुलीबहिणीच्या लग्नाचं ओझं, व्यसन आणि वागण्यातला बदलही होता, आणि एकेका माणसाच्या वाट्याला यांतली अनेक कारणं एकत्र आली होती. त्याआधी मार्च २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केलेल्या चौकशीतही शेतीचं मोडलेलं अर्थकारण आणि कोलमडलेली सरकारी यंत्रणा मुळाशी दिसली होती. फाइलचा नमुना मात्र या अहवालांनी बदलला नाही. ‘अनेक कारणं’ असा रकाना त्यात अजून नाही.

शेतकऱ्यांनाच विचारलं तर ते काय सांगतात? सेवाग्रामच्या डोंगरे आणि देशमुख यांनी वर्ध्याच्या गावांत हेच केलं. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. कारणं सांगा आणि मग त्यांचे गठ्ठे लावा, एवढंच त्यांनी विचारलं. शेतकऱ्यांच्या यादीत कर्ज, व्यसन, निसर्ग, पडलेले भाव, ताण, घरच्या जबाबदाऱ्या, सरकारची बेफिकिरी आणि सावकार एकाखाली एक आले. मनाची कारणं इकडं आणि बाजाराची तिकडं, अशी वाटणी सांगणाऱ्यांच्या डोक्यात नव्हती. वऱ्हाडात ‘टेन्शन’ हा शब्द ज्या सहजतेनं बँकेच्या नोटिशीसाठी, झोपेसाठी आणि पोरीच्या लग्नासाठी वापरला जातो, ते ऐकलं की हे चटकन पटतं.

मनाच्या बाजूनं इथं झालेलं काम हलकं नाही. सेवाग्रामच्या प्रकाश बेहेरे यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांकडे वैद्यकाच्या नजरेनं पाहायला सुरुवात केली. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बोलणं, जास्त त्रास असेल त्याला समुपदेशकाकडे आणि गरज असेल तर डॉक्टरकडे पोचवणं, असं त्याचं स्वरूप होतं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आले. नैराश्य असलेल्यांपैकी कुठून तरी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ वर आलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर. भाव तेच आणि कर्ज तेच असताना हे घडलं. ‘समुपदेशन म्हणजे शेतकऱ्याला वेडा ठरवणं’ असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा नीट वाचावेत. २०१५ पासून राज्य सरकारनं आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. आज केंद्राची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते आणि ज्याच्या जिवाला घोर लागला आहे त्यानं तो क्रमांक फिरवावा, यात कुठल्याही सिद्धान्ताची अडचण यायला नको.

अडचण येते ती पुढे. नैराश्य मोजायला जगभर जी नऊ प्रश्नांची पट्टी वापरतात ती पाहा. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं का, झोप नीट झाली का, भूक कशी आहे, थकवा येतो का, आपण नालायक ठरलो किंवा घरच्यांना खाली पाहायला लावलं असं वाटलं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की काळजी करावी. दुबार पेरणीचं बियाणं उधार आणलेल्या माणसाला जुलैच्या पहिल्या आठवड्यात हे प्रश्न विचारून पाहा. झोपेचा प्रश्न तर विचारायलाच नको. पट्टी खोटी नाही. कारण विचारणं हे तिचं कामच नाही. पण कारण न विचारणारं माप शासनाच्या हाती गेलं की कारण नसल्यासारखंच धोरण तयार होतं. चायना मिल्स या ब्रिटिश अभ्यासक २०१५ पासून याला गरिबीचं मानसोपचारीकरण म्हणत आल्या आहेत. त्यांच्या मांडणीत भारतातल्या शेतकरी आत्महत्यांचा दाखला येतो. पुण्यात बापू ट्रस्ट उभा करणाऱ्या भार्गवी दावर यांनी बायकांच्या मानसिक आरोग्याबद्दल हाच प्रश्न त्याच्या पुष्कळ आधी विचारला होता: घरातल्या आणि समाजातल्या अन्यायाला आजाराचं नाव दिलं की अन्याय कुणाच्या खात्यावर जातो? मला ही टीका बरोबर वाटते, पण तिचा शेवट पटत नाही. नाव चुकीचं म्हणून औषधच नको, हे मुंबई-पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. अमरावतीत मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळायला किती फेऱ्या होतात, ते दर्यापूरच्या एसटीत बसणाऱ्याला विचारा.

व्यवस्थेची बाजू वऱ्हाडाला कुणी शिकवायची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, त्यात कर्ज, कुळकर्णी, सरकार आणि अज्ञान यांची साखळी मांडली आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडची काळी माती जगाच्या बाजाराला जोडली गेली आणि ती पुन्हा सुटली नाही. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे टाकली गेली ती कापसासाठीच. हा इतिहास जुना झाला म्हणावं, तर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क काढून टाकलं आणि ती सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली. त्या वेळी दर्यापूरच्या वावरातली बोंडं फुटलीही नव्हती. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला होता. २००८ च्या कर्जमाफीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. पूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा घातली. कालव्याच्या पाण्याखालचे पाच एकर आणि पूर्णेच्या खोऱ्यातले पाच एकर सारखे धरले गेले. इथं विहीर खणली तर पाणी खारं लागतं, त्या पाण्यावर बागाईत होत नाही, म्हणून कोरडवाहू माणसाला जमीन जास्त आणि उत्पन्न कमी. तो मोठा शेतकरी ठरून पूर्ण माफीबाहेर राहिला. सोसायटीच्या पायरीवर त्याला जी लाज वाटली, ती दिल्लीत काढलेल्या एका रेषेतून आली होती.

किसानपुत्र आंदोलन या धोरणांच्याही मागे, कायद्यांपर्यंत जातं. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळच्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं. त्या तारखेला आंदोलनाचे अमर हबीब आणि त्यांचे सहकारी २०१७ पासून दरवर्षी अन्नत्याग करतात. सीलिंग, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे कायदेच शेतकऱ्याच्या गळ्यातला फास आहेत, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्याशी वाद घालता येतो, पण ती अस्सल देशी समाजचिकित्सा आहे आणि आपल्या विद्यापीठांनी तिची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतलेली नाही.

व्यवस्थेच्या बाजूचा दोष असा, की माणूस तिच्या हातात पुरावा होऊन बसतो. मेलेला शेतकरी सरकारविरुद्धच्या खटल्यातला एक आकडा होतो. तो कसा होता, कुणाशी बोलायचा, शेवटच्या महिन्यात का बोलेनासा झाला, हे विचारणं म्हणजे सरकारच्या हाती कोलीत देणं, अशी भीती कार्यकर्त्यांना वाटते. फाइल ज्या तऱ्हेची आहे ते पाहता ती भीती खरीही आहे. दारूचा उल्लेख झाला की घर अपात्र. मग गाव मिळून दारू लपवतं, घरची भांडणं लपवतं आणि दोन वर्षांपासूनचं गप्प राहणंही लपवतं. मनाबद्दलची खरी माहिती गोळा होण्याच्या आड सगळ्यात मोठी धोंड आहे ती मदतीचा हा नियम. आपलं मानसशास्त्र आंधळं राहण्याचं एक कारण असं महसूल खात्यात आहे.

इथं फ्रँकफुर्टच्या मंडळींकडे वळायला हरकत नाही. १९२९ मध्ये एरिक फ्रॉमनं जर्मन कामगारांना शेकडो प्रश्नांची प्रश्नावली पाठवली. डाव्या पक्षांना मतं देणाऱ्या अनेकांच्या मनात हुकमाची आणि हुकूम देणाऱ्याची ओढ असल्याचं त्याला दिसलं. चार वर्षांत हिटलर आला. आर्थिक हित एकीकडे आणि मन दुसरीकडे जाऊ शकतं, हे तिथून शिकावं. थिओडोर ॲडोर्नोनं १९५५ मध्ये समाजशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या संबंधावर लिहिताना दोघांना घाईनं एकत्र शिवू नका, असं बजावलं. समाजानंच माणूस आणि व्यवस्था यांची फाळणी केली आहे. पुस्तकात ती सांधल्यानं वावरात सांधली जात नाही. मला हा इशारा पटतो. जैविक, मानसिक, सामाजिक असे सगळे घटक महत्त्वाचे, हे समित्यांच्या अहवालांतलं आवडतं वाक्य काहीच सांगत नाही. कर्जाचा आकडा मनात शिरतो तो कुठून, हे त्यानं कळत नाही.

वऱ्हाडात तो अब्रूच्या वाटेनं शिरतो. बँकेचं खातं थकलं यापेक्षा कृषी केंद्रवाल्यानं चार माणसांत उधारी मागितली, हे जास्त लागतं. मक्त्यानं केलेल्या वावराचं कर्ज तर कुठल्याच कागदावर नसतं. ते जातीतल्या, नात्यातल्या माणसाचं असतं आणि लग्नाच्या पंगतीत समोर येऊन बसतं. कागदावरचं कर्ज माफ होऊ शकतं, पंगतीतलं नाही. १९३३ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज लवाद कायदा झाला, त्यामागे पंजाबराव देशमुखांचा आग्रह होता. लवादापुढे ऋणको आणि सावकार समोरासमोर बसत, हिशेब उघडा होई, रक्कम कमी करून हप्ते ठरत. तो कायदा किती टिकला, किती फसला हा वेगळा विषय. माझं लक्ष जातं ते एका गोष्टीकडे: कर्ज हा तिथं पाप न राहता तंटा झाला होता आणि कर्जदार त्यातला एक पक्षकार. एका कायद्यानं लाजेची जागा हलवली.

याच भागातले गाडगेबाबा ही गुंतागुंत सगळ्यांत आधी ओळखून होते. जन्म १८७६ चा, शेंडगावचा. आज ते अंजनगाव सुर्जी तालुक्यात येतं. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. मामाची जमीन सावकारीत गेली. पुढे कीर्तनात बाबा कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा असं सांगत, म्हणजे माणसाच्या वागण्यावर बोट ठेवत. पण त्याच कीर्तनात सावकार, बडवे आणि जातही सुटत नसे, आणि सगळं समोरच्यांना प्रश्न विचारत चाले. आजच्या सरकारी जनजागृतीत लग्नाचा खर्च आणि व्यसन एवढंच उरलं आहे. गाडगेबाबांचा अर्धाच भाग शासनाला सोयीचा वाटला.

अभ्यासकांनी ज्या प्रश्नाला जवळजवळ हात लावला नाही, तो माझ्या मते असा. १९८० च्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं याच वऱ्हाडात हजारो माणसं रस्त्यावर आणली. माझी शेती तोट्यात आहे, यात माझा दोष नाही, तोटा धोरणात आहे, हे त्या माणसाला पहिल्यांदा कळलं. ही जगातली कुठलीही थेरपी देऊ शकणार नाही अशी गोष्ट होती. पुढे संघटना फुटली, थकली. नव्वदीच्या शेवटी आत्महत्यांचा आलेख चढायला लागला तेव्हा तोच राग आत वळला का? सरकारला बोल लावणारा माणूस स्वतःला बोल लावू लागला का? माझा अंदाज होकाराचा आहे, पण तो अंदाजच आहे. संघटनेचे त्या काळचे कार्यकर्ते आज सत्तरीत आहेत. त्यांच्याशी बसून हे तपासायला अमरावती विद्यापीठातल्या समाजशास्त्राच्या आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी एकत्र यायला हरकत नाही.

आणि बायका. जोशींनीच लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून गावोगाव जमीन बायकोच्या नावावर करायला लावली होती. ती जिथं पोचली नाही तिथं काय झालं, ते महिला किसान अधिकार मंचाच्या २०१८ च्या पाहणीत दिसतं: विदर्भ-मराठवाड्यातल्या ५०५ एकल शेतकरी महिलांपैकी ४० टक्के बायकांच्या नावावर नवऱ्याची जमीन अजून झालेली नव्हती. कोटा नीलिमा यांच्या ‘विडोज ऑफ विदर्भ’ या पुस्तकातल्या बायका दिवसभर वावरात राबतात आणि कागदावर शेतकरी नसतात. नवऱ्याचं कर्ज त्यांच्याकडे येतं, लाजही येते. तरी त्या जगतात. शेजारी का जगला, हा मनाचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो आधी त्यांना विचारायला हवा. त्यांच्यावर काम कमी आहे, कारण आपल्या अभ्यासांना मृत्यूपासून सुरुवात करायची सवय लागली आहे.

म्हणून या आढाव्यातून निघणारी मागणी सिद्धान्ताची नाही, कार्यालयाची आहे. मदतीचा संबंध कारणाशी तोडावा. शेतीवर जगणाऱ्या घरातला माणूस गेला, मग सातबारा असो, मक्ता असो की मजुरी, की मदत आधी द्यावी. चौकशी नंतर आणि वेगळी करावी, शिक्षेच्या भीतीशिवाय, महसूल कर्मचारी आणि मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसं यांनी एकत्र जाऊन. तोवर निदान एक गोष्ट आजच्या नियमांतही करता येईल: दर्यापूर तालुक्यातली गेल्या वीस वर्षांतली अपात्र प्रकरणं, नावं वगळून, कोणत्या कारणानं अपात्र ठरली याची यादी तहसीलदारांनी जाहीर करावी. आमदारांनी ती मागावी आणि महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी वाचावी.